वेलामागची भिंत

वाटणीत धाकट्या जावेच्या घराखाली काळी माती आली आणि थोरलीच्या घराखाली मुरूम. धाकटीचा जाईचा वेल तिच्या घराची थोरलीकडची अख्खी भिंत झाकून फुलला. थोरलीच्या अंगणात साधं गवत तग धरेना. तिच्या पोटात नुसतं दुखायचं.

"वहिनी, काळ्या मातीत झाड उभं राहतं, भिंत नाही," गवंडी समजावायचा. "तुमचा पाया हलत नाही, संडासाच्या टाकीचं पाणीसुद्धा झटकन जिरतं."

"मग डोक्यात काय टाकी माळू?"

दोन वर्षं तिनं घरं बदलून घ्यायचा नवऱ्यामागे लकडा लावला. शेवटी त्यानं विचारलं, तर धाकटी चटकन "हो" म्हणाली. जाताना एवढंच बोलली, "ताई, वेलाच्या भिंतीला आतून टेकवलेलं कपाट तुम्हालाच राहू द्या. आणि वेल तेवढा काढू नका हं!"

"आता घर माझं, मर्जी माझी," म्हणत थोरलीनं पहिल्याच सकाळी वेल ओरबाडला. मागे छतापासून जोत्यापर्यंत भेग होती. धावत आत जाऊन तिनं कपाट सरकवलं.



भेगेतून समोर तिचं जुनं घर दिसत होतं. एक तडा नव्हता मेल्याला!