खाणीच्या डोंगरावरचा करंज

"तुझा करंज म्हणजे नुसतं झुडूप," प्रांजली वाटभर चिडवत होती, आणि चैताली मोजमापाची टेप फिरवत सगळ्यांच्या पुढे चालली होती. कोळसा उपसून झाल्यावर खाणीच्या मातीचा जो बोडका डोंगर उरला, त्यावर वर्गातल्या प्रत्येकीने चार वर्षांपूर्वी एक झाड लावलं होतं. आज सर्वांत दाट सावलीला बक्षीस होतं.

पायथ्याशी वनरक्षकाने काठी आडवी धरली. "वर वाघ बसला हाय. मोजणी रद्द."

मुली पळाल्या. सर वनरक्षकाच्या जीपमध्ये शिरून काच वर करू लागले. चैताली मात्र जागची हलली नाही. "मामा, कोणाच्या झाडाखाली बसलाय?"

"तुले काय करायचं व?" म्हणत त्याने दुर्बीण लावली. "पाटीवर चैताली नाव दिसते."

ती जीपच्या काचेवर टकटक करत म्हणाली, "सर, निकाल लागला. प्रांजलीला शंका असेल, तर तिनं वर जाऊन परीक्षकांना विचारावं."