स्तंभावरचं नाव

महाळुंग्याच्या पुढं, कंपन्यांच्या मागच्या माळावर एक उंच दगडी स्तंभ आहे. पहिल्या महायुद्धात गेलेल्या गावच्या सैनिकांचा. त्यावर इंदुताईंच्या आजेसासऱ्यांचं नाव कोरलंय, पण ते दिसेल तर शपथ! कुणाचा वाढदिवस आला, कुणाची निवड झाली, की लगेच स्तंभाला फ्लेक्स.

"मेलेल्यांच्या नावावर जित्यांची थोबाडं कशापायी बांधता रं?" म्हणून त्या गावाशी भांडभांड भांडल्या. शेवटी परवा कोयता घेऊन गेल्या आणि सगळ्या दोऱ्या सपासप कापून आल्या. गावभर चर्चा!

आज नव्या सुनेला, दिव्याला, कौतुकानं नाव दाखवायला नेलं, तर स्तंभाला पुन्हा नवाकोरा फ्लेक्स. इंदुताईंचं टाळकंच सरकलं. गवतासाठी आणलेला कोयता त्यांनी तिथंच उगारला.

"आई, थांबा!" दिव्या मोठ्यानं वाचू लागली. "स्मारक मोकळं करणाऱ्या रणरागिणी इंदुताई यांचे हार्दिक अभिनंदन! शुभेच्छुक, समस्त ग्रामस्थ." मधोमध इंदुताईंचा भलामोठा फोटो, नथीसकट.

 

कोयता हळूच पदराआड गेला. "दसऱ्यापतुर ऱ्हाऊ दे गं. नाव काय, दगडावरचं हाय. ते कुठं पळून जातंय?"