खिळा

बाबांच्या बदल्यांपायी आम्ही घरं बदलत राहिलो आणि मी हातोडी उचलली की प्रत्येक घरात आई ओरडायची, “खिळा मारू नकोस, घरमालक बोलतील!” तिच्या भरतकामाची फ्रेम कायम खोक्यातच राहिली. आता मालिकेतला थोरला भाऊ म्हणून रस्त्यात कुणीही सेल्फीसाठी अडवतं, पण राहतो भाड्यानंच आणि घरमालकाची अटही तीच. शेवटी आज आईला फ्रेमसकट सेटवरच आणलं. “लोक रोज बघतात हे घर. इथं लावू!” म्हणत हातोडी उगारली, तोच सुतार धावत आला. “दादा, खिळा नको! उद्या सेट दुसऱ्या स्टुडिओत हलवायचाय.” माझं डोकंच फिरलं. “पाच वर्षं राबतोय या घरात, एक खिळा मारायची चोरी?” आईनं फ्रेम पुन्हा चादरीत गुंडाळली. “ओरडू नकोस,” ती स्टुलावर चढत म्हणाली. “आधी पडदे काढू. दर वेळी मागे राहतात.”