मोलच्या कातड्याचं जाकीट

सुहाने पिशवीतून काळं जाकीट काढून कनीजच्या शिलाई मशीनवर ठेवलं. कनीजने मशीन थांबवली, पण मान वर केली नाही. बाई दारातून आत येतानाच तिने ओळखली होती. बहिणीने, अजराने पाठवलेल्या फोटोत, बहरीनमधल्या जनाबियाच्या व्हिलाच्या बागेत, हीच खुर्चीवर बसलेली होती.

"बगलेत उसवलंय," सुहा म्हणाली. "अस्तरही बदला. बाब अल बहरीनच्या बाजारातल्या सगळ्या गल्ल्यांत हे काम दुसरं कुणी करील असं मला वाटलं नाही."

कनीजने जाकिटावरून हात फिरवला. मखमलीपेक्षा मऊ. पुढे फिरवला, मागे फिरवला. लव कुठूनच उलटी लागेना.

"कसलं कातडं हे?"

"मोलचं. तिकडे इंग्लंडात जमिनीखाली राहतो, आपल्या चिचुंद्रीसारखा. बिळात त्याला पुढेही सरकावं लागतं, मागेही. म्हणून लव दोन्हीकडे वळते." पाठ केलेला धडा म्हणावा तसं ती बोलत होती. "आमच्या साहेबांनी स्वतः पकडलेत. तरुणपणी तिथे एका इस्टेटीवर कामाला होते. मोल रोज त्याच वाटेने जातो-येतो. त्या वाटेत लोखंडी सापळा ठेवायचा, वर माती पसरायची. सापडला की सोलायचा आणि कातडं फळीवर खिळे मारून ताणून वाळवायचं. एका जाकिटाला किती जीव लागले असतील, बघा."

"जपत असतील."

"जिवापाड. डिसेंबरात कंपनीचे इंग्रज मालक येतात, त्या जेवणाला हेच घालतात. सगळ्या टेबलाला सापळ्यांची गोष्ट सांगतात." सुहा जरा थांबली. "हल्ली त्याच सापळ्यांनी बागेतले उंदीर धरतात. सापडला की मला बघायला बोलावतात."

कनीजने जाकीट उलटं करून अस्तर बघितलं.

"घाई नाही. थंडी पडेपर्यंत राहू द्या इथेच. फक्त कसर लागू देऊ नका. किडा एकदा आत शिरला की चाळण होते, मग कुणालाच दुरुस्त करता येत नाही. आणि डांबराच्या गोळ्या नकोत. साहेबांना वास चालत नाही."

ती गेल्यावर कनीजने फोनमधला तो फोटो पुन्हा काढून बघितला.

अजरा तिची धाकटी बहीण. कनीजनेच तिला रत्नागिरीहून बोलावून त्या घरात कामाला लावलं होतं. सुहाचे यजमान अर्शदसाहेब हिद्दच्या कारखान्यात मॅनेजर, आपल्याच मुलखातले, पाच वेळचे नमाजी. एका दुपारी त्यांनी अजराचा हात धरला. तिने ओरडून घर डोक्यावर घेतलं. संध्याकाळी तिच्या बॅगेत सुहाची सोन्याची बांगडी निघाली. व्हिसा रद्द झाला, अजरा विमानात बसली. ती गावात पोचायच्या आत चोरीची बातमी पोचली होती. ठरलेलं लग्न मोडलं. आता ती मागच्या पडवीत बसून असे. कुणी आलं की भिंतीकडे तोंड फिरवी.

फोनवर ती एकच सांगे. "आपा, बाई दारातच उभी होती. सगळं बघितलं तिने. एक शब्द बोलली नाही."

अर्शदच्या हातापेक्षा ते न बोलणं कनीजच्या जास्त जिव्हारी लागलं होतं.

तिने बगल शिवली. कामात खोट निघता कामा नये म्हणून टाके इतके बारीक घातले की शिवण दिसेना. अस्तर लावलं. मग पलंगाखालची, कसरीने खाल्लेली लोकरीची शाल काढली, जाकिटाच्या घडीत घातली आणि खोक्याचं झाकण लावलं.

तिचा नवरा बासित पुढच्या टेबलावर कटिंग करत असे. खोकं दिसताच तो डांबराच्या गोळ्या घेऊन आला.

"सांभाळून हां. मोठा माणूस आहे. एक फोन केला तर आपला व्हिसा खलास."

"कातड्याला किडा लागतोच. त्याला मी काय करणार?"

"इंशाल्ला नाही लागणार," म्हणत त्याने गोळ्या आत टाकल्या. दुसऱ्या दिवशी कनीजने त्या वेचून गटारात फेकल्या.

उन्हाळाभर ती मधूनमधून झाकण उघडून बघे. आधी बारीक भुसा दिसला, मग पांढऱ्या अळ्या. ती अळ्यांना धक्काही लावत नसे. हातात मेलेलं जाकीट धरून नवऱ्यासमोर उभी राहिलेली सुहा तिच्या डोळ्यांपुढे येई. तेव्हा बोलावं लागेल, बाई. तेव्हा कसं गप्प बसशील?

डिसेंबरात सुहा आली. कनीजने बासितला बटणं आणायला पिटाळलं आणि खोकं उघडून तिच्यापुढे सरकवलं. जाकिटावर जागोजाग टक्कल पडलं होतं. कॉलर उचलताच फाटली.

"कसर लागली," कनीज म्हणाली. "माफ करा." माफीचा सूर तिने काढलाच नाही. ती फक्त सुहाचा चेहरा बघत होती.

सुहाने लव चिमटीत धरली. ती सुटून आली. सुहाने ती फुंकरीने उडवली. मग जाकिटाची निगुतीने घडी घातली आणि पिशवीत ठेवली.

"साहेबांना काय सांगणार?" कनीजला राहवलं नाही.

"कुणाकडे दिलं होतं ते आठवत नाही, असं सांगेन."

"मारतील तुम्हाला."

"ते तर नेहमीचंच." सुहाने ओढणी सारखी केली. दाराशी जाऊन ती वळली, आणि पहिल्यांदाच हसली.

"अजरा बरी आहे ना, आपा? सारखी सांगायची, माझी बहीण कुणाचं काही बाकी ठेवत नाही. म्हणून तर एवढ्या मनामा शहरात तुमचंच दुकान शोधत आले."