धाकटीची चक्कर

वरच्या फळीवरची परात काढायला सिगानं मान वर केली आणि दुसऱ्याच क्षणी दाराची चौकट घट्ट धरली. परात खणखणत अंगणात गेली.

बिराम हातातलं जाळं टाकून धावला. एरवी जाळं शिवायला बसला की घर जळलं तरी मान वर न करणारा हा माणूस. त्यानं धाकट्या बायकोला दोन्ही दंडांना धरून चटईवर बसवलं, पाठीशी उशी दिली.

"काही उचलायचं नाही म्हणून सांगितलं होतं ना? दिबोर काय मेली आहे का?"

न मेलेली दिबोर, त्याची थोरली बायको, अंगणाच्या कडेला तारल्या साफ करत होती. तिनं सुरी थांबवली नाही. आठ दिवस हेच चाललं होतं. सिगाला चक्कर येते, सकाळी उलटी होते, शेजारणी डोळे मिचकावून जातात. सगळे एका परातीभोवती जेवायला बसले की बिराम माशाचा मधला मऊ तुकडा बोटांनी सोडवतो आणि सिगाच्या बाजूला सरकवतो. दिबोरला तीन मुलीच. आता सिगाला मुलगा होणार, हे गल्लीनं ठरवूनसुद्धा टाकलं होतं.

"गोरखचिंचेचं सरबत घेऊन येतो," बिराम म्हणाला. "त्यानं मळमळ बसते."

आणि खरंच गेला. दिबोर बघत राहिली. तिच्या तीन गरोदरपणांत मिळून या माणसानं चिंचेचं बोटूकही आणलं नव्हतं.

सिगा आडवी झाली, कूस बदलली आणि ओरडली, "अक्का! घर फिरतंय हो, घर फिरतंय!"

पंधरा-वीस श्वास गेले आणि ती आपोआप शांत झाली.

आता मात्र दिबोरची सुरी थांबली. मान वर केली की येते, कूस बदलली की येते, मिनिटभरात जाते. हे तिच्या ओळखीचं होतं. गेल्या साली तिला हेच झालं होतं. "ऊन लागलं असेल, पाणी पी," म्हणून बिराम होडीवर निघून गेला होता. ती एकटीच धडपडत दवाखान्यात पोचली. तिथल्या नर्सबाईनं बाकावर आडवं करून तिची मान वळवली, आणि पुन्हा झालं तर घरी कसं करायचं तेही शिकवलं. कानात आत बारीक खडे असतात, बाई म्हणाली, ते जागचे हलले की जग फिरतं.

म्हणजे हिचं पोट नव्हेच. कान!

दिबोरला इतकं गोड वाटलं की तिनं हात दोनदा धुतले. नवरा सरबत घेऊन यायच्या आत हिचं बाळंतपण उरकून टाकते, ती मनाशी म्हणाली.

"सिगा, उजव्या कुशीवर होतं का डाव्या?"

"उजव्या."

"उठून बस. आणि डोळे मिटायचे नाहीत."

तिनं सिगाची मान उजवीकडे वळवली, खांदे धरले आणि तिला झपकन मागं पाडलं. उशी खांद्यांखाली आली, डोकं मागं लोंबलं. सिगाची बुबुळं थरथरायला लागली. तिनं दिबोरच्या मनगटात नखं रुतवली.

"मेले, अक्का, सोडा!"

"मरत नाहीस. मीही मेले नव्हते."

बुबुळं ठरेपर्यंत दिबोर थांबली. मग मान डावीकडे. पुन्हा थांबली. मग सगळं अंग त्या कुशीवर, नाक जमिनीकडे. मग हळूच उठवून बसवलं. असं दोनदा केलं. तिसऱ्यांदा मागं पाडलं तेव्हा बुबुळं जागच्या जागी राहिली.

सिगानं भीत भीत मान वर केली. कडुलिंबाचा शेंडा नुसता वाऱ्यानं हलत होता, आणखी काही नाही.

"थांबलं! अक्का, थांबलं की!" ती हसली. मग हसू हळूहळू विरलं. "म्हणजे... दुसरं काही नाही?"

"कानाला बाळ होत नाही, बाई."

सिगानं खाली बघितलं. "मी म्हणत होते त्यांना, अजून तारीखही टळली नाही. ते ऐकेचनात. मग मीपण सांगायचं सोडलं."

तेवढ्यात बिराम आला. दिबोरचं वाक्य तयारच होतं.

"कानाचं दुखणं होतं. गेल्या साली मला झालं होतं तेच. काढलं मी. पोटात काही नाही तिच्या."

"खरं?" त्यानं सिगाला विचारलं.

सिगानं होकारार्थी मान हलवली.

त्यानं हातातल्या बाटलीचं बूच काढून सरबत स्वतःच पिऊन टाकलं, तोंड पुसलं आणि जाळं खांद्यावर घेतलं. आता बरं वाटतं का, हे त्यानं विचारलं नाही.

"दुपारच्या आत मासे धुरीवर लागले पाहिजेत," तो बाहेरूनच म्हणाला. "दोघींनी हात चालवा."

दिबोर मघाचा गोडवा पुन्हा येईल म्हणून थांबली. तो काही आला नाही.

सिगानं तोंड धुतलं, कमरेचं कापड आवळलं, आतून दुसरी सुरी आणली आणि टोपलीच्या पलीकडे बसली. दोघींनी चार-पाच तारल्या साफ केल्या.

"अक्का," सिगानं विचारलं, "तुम्हाला झालं तेव्हा कुणी धरलं होतं?"

"भिंतीनं," दिबोर म्हणाली.