ब्रेक दाबून बघा

टोलनाक्यावर गाडी तिसऱ्यांदा बंद पडली, तेव्हा मागच्या ट्रकवाल्याने हॉर्नवरचा हात काढलाच नाही.

"क्लच एकदम सोडताय," मागच्या सीटवरून शंकरराव म्हणाले. "हळू. दुधावरची साय काढावी तसा."

"सायीचं नाव काढू नका. तुम्हाला बंदी आहे," शशिकांत म्हणाला आणि गाडी हिसका देऊन निघाली.

शंकररावांनी पोटावरची उशी आवळून धरली. तीन आठवड्यांपूर्वी डॉक्टरांनी दुर्बिणीतून त्यांचं जठर कापून केळ्याएवढं केलं होतं. त्याआधी हा एकशे अडतीस किलोचा माणूस सिग्नलला उभ्या गाडीत, स्टिअरिंगवर हात ठेवून घोरायला लागायचा. एकदा दिल्लीत महिपालपूरच्या चौकात दिवा हिरवा होऊन लाल झाला, तरी जाग नाही. त्या दिवशी शशिकांतनेच त्यांचा हात धरून डॉक्टरांकडे नेलं होतं.

आता वजन उतरत होतं, झोप सुधारली होती. तर गुडगावच्या काचेच्या इमारतीतून एचआरचं पत्र आलं. कंपनीची गाडी ज्याच्या ताब्यात आहे, त्याने गाडी चालवायला योग्य असल्याचा दाखला सोमवारपर्यंत द्यावा. नाहीतर गाडी दुसऱ्याला. पोट सुटलं होतं तेव्हा कुणी कागद मागितला नाही. माणूस बरा होऊ लागला, की यांना धोका दिसतो.

"आज शुक्रवार," शंकरराव म्हणाले. "गाडी गेली तर मी साताऱ्याला जातो. इथे काय करू?"

"आधी ते डाळीचं पाणी प्या. घोट घोट. थर्मास भरलेला परत नेला तर अलका मला घरात घेणार नाही."

अलका शशिकांतची बायको. शंकररावांची बायको गावाला, म्हणून तीन आठवडे गाळलेलं डाळीचं पाणी हिच्याच घरून येत होतं.

"डावी लेन धरा. अहो, डावी!"

"रोजचाच रस्ता आहे, शंकरराव."

"रोजचा आहे, मग चुकता कसे?"

शशिकांत हसला. तीन आठवड्यांत दोघं जेवढं बोलले होते, तेवढं आधीच्या सहा वर्षांत बोलले नव्हते. शंकररावांची मुलगी तबला वाजवते, हेसुद्धा त्याला परवाच कळलं. आपण कधी विचारलंच नाही, याची त्याला लाज वाटली होती.

हॉस्पिटलच्या दारात गार्डने धावत येऊन मागचं दार उघडलं, शंकररावांना सलाम ठोकला, आणि शशिकांतकडे वळून खेकसला, "ओ भाई, साहब को उतार दिया ना? चल, गाड़ी पीछे लगा!"

दिल्लीत सलाम मागच्या सीटला असतो, माणसाला नसतो. शंकररावांचा चेहरा उतरला. ते काही बोलणार, तेवढ्यात शशिकांतने नुसती मान हलवली आणि गाडी मागे नेली.

डॉक्टरांनी पोट तपासलं. गुंगीची गोळी बंद होऊन दहा दिवस झाले होते. तरी सही करेनात. "खड़ी गाड़ी में बैठिए, बेल्ट लगाइए, पूरे ज़ोर से ब्रेक दबाइए। दर्द न हो तो ऊपर आइए।"

दोघं पार्किंगमध्ये आले. शंकरराव पुढे बसले, शशिकांत शेजारी. पूर्वी पोट स्टिअरिंगला घासायचं. आज मध्ये वीतभर जागा होती. त्यांनी त्या जागेत हात फिरवून पाहिला.

"समजा, गाय आडवी आली. मी गाय म्हणतो, तुम्ही दाबा," शशिकांत म्हणाला. "गाय!"

पाय उचलला गेला, पण ब्रेकवर पडला नाही.

"काय झालं?"

"दुखलं तर?"

"तर मला सांगायचं."

"खोटं बोलेन मी. सोमवार डोक्यावर आहे."

"माझ्याशीही खोटं बोलाल?"

शंकररावांनी बेल्ट ओढून लावला. "नाही," ते म्हणाले. "गाडीत मी एकटा नसतो. ऐन वेळी कळ येऊन पाय मागे आला, तर कागद काय चाटायचाय? दुखलं तर सांगेन. मग मी आणि सातारा."

"गाय!"

या वेळी पाय असा आदळला की सीट करकरली. शंकररावांनी श्वास रोखला. वाट पाहिली. पुन्हा दाबला. पुन्हा.

"नाही दुखत," ते म्हणाले. "आईशप्पथ नाही दुखत हो." आणि मान वळवून त्यांनी डोळे पुसले.

"म्हणजे माझी सुट्टी," शशिकांत म्हणाला. त्याने हसायचा प्रयत्न केला, पण नीटसं जमलं नाही.

अर्ध्या तासाने शंकरराव सहीचा कागद घेऊन खाली आले. शशिकांत गाडीपाशी उभा होता. त्याने सवयीने मागचं दार उघडून धरलं. शंकरराव आत बसले नाहीत. त्यांनी किल्लीसाठी हात पुढे केला.

"साहेब," ते म्हणाले, "आता तुम्ही मागे बसा."