प्रयोगशाळेतला पाळणा

गावच्या हायस्कुलात गणिताच्या बाई तासावर गेल्या, की त्यांची दहा महिन्यांची छकुली शेजारच्या प्रयोगशाळेत शिपाई मावशींजवळ असायची. भिंत पातळ होती, त्यामुळे बाईंचा एक कान कायम तिकडेच.

गेल्या आठवड्यापासून छकुली तिथे खदखदून हसायला लागली होती. घरी बाई माकडचेष्टा करून दमत, पण पोरगी ढिम्म. बाईंच्या पोटात दुखायला लागलं.

"मावशी, काय जादू करता हो तुम्ही?" त्यांनी विचारलं. हसू ओठांपुरतंच होतं.

"मी कसली जादू करतेय! तुमची लेक झोपूनच असते. मी घंटा द्यायला गेले तरी हूं की चूं नाही."

बाईंना ते साफ खोटं वाटलं.

आज फळ्यावर वर्तुळ काढता काढता त्यांना भिंतीपलीकडून स्पष्ट ऐकू आलं, "आई."

पोरीचा पहिला शब्द! आणि तो त्या मावशीला! बाई खडू टाकून तशाच धावल्या. व्हरांड्याच्या पार टोकाला मावशी घंटा देत होत्या.

प्रयोगशाळेत कुणीच नव्हतं. छकुली पाळण्यात उठून बसली होती आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीकडे दोन्ही हात करून हसत होती. बाईंनी उचलताच, परक्याने उचलावं तसं तिने भोकाड पसरलं.

"उगी, राणी," खुर्चीतून अगदी बाईंच्याच आवाजात कुणीतरी म्हणालं. "घाबरू नकोस. शाळेतल्या बाई आहेत त्या. जातील आत्ता."